ती जुनी पीडीएफ आधी काढा : आरोग्याची पुस्तके वाटणाऱ्या अ‍ॅडमिनांना खुले पत्र

प्रति,
टेलिग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नर्सिंग, फार्मसी, आरोग्य विभागाची भरती आणि 'घरगुती उपचार' अशा नावांखाली पुस्तकांच्या पीडीएफ वाटणारे सर्व मराठी अ‍ॅडमिन,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सायबर पोलिसांना टॅग करण्यासाठी लिहिलेले नाही आणि 'चोरी करू नका' हा पाठही यात नाही. पायरसीविषयी मराठीत जे बोलले जाते ते बहुतेक लेखकाच्या बुडालेल्या मानधनाभोवती फिरते. तो मुद्दा खरा आहे, पुढे येईलच. पण कादंबरीची चोरटी पीडीएफ वाचून कुणाचा पाय कापावा लागत नाही. आरोग्याच्या पुस्तकाचे तसे नाही. छापील पुस्तकात चूक निघाली, उपचार बदलला, तर निदान पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होऊ शकते. तुमच्या चॅनेलवर चढलेली फाइल मात्र आहे तशीच फिरत राहते, आणि तिच्यातल्या मजकुराला कुणीच जबाबदार नसते. आमचे भांडण मुख्यतः या गोष्टीशी आहे.

उदाहरणानेच बोलू. तुमच्याकडच्या प्रथमोपचाराच्या जुन्या पुस्तकात सर्पदंशाचे पान उघडा. दंशाच्या वर घट्ट आवळपट्टी बांधा, ब्लेडने चीर द्या, रक्त वाहू द्या किंवा तोंडाने चोखून थुंका, असे तिथे बहुधा सापडेल. या सगळ्या गोष्टी आता करू नका असेच सांगितले जाते, आणि कारणे सरळ आहेत. आपल्याकडच्या विषारी सापांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख. त्यांपैकी घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते. अशा माणसाला चीर दिली की रक्त थांबायचे नाव घेत नाही. घोणस चावलेला पाय आधीच सुजत असतो. त्यावर दोरी आवळली की रक्तपुरवठा तुटून तो काळा पडू लागतो. नाग चावला असेल आणि पट्टी एकदम सोडली, तर अडवून धरलेले विष एकाच वेळी शरीरात पसरते आणि श्वास बंद पडू शकतो. करायचे ते एवढेच : माणसाला चालवायचे नाही, अंगठ्या, पैंजण, घड्याळ काढून ठेवायचे, चावलेला हात किंवा पाय फळीचा आधार देऊन हलणार नाही असा ठेवायचा, १०८ ला फोन करायचा आणि सर्पदंशावरची लस (एएसव्ही) असलेल्या रुग्णालयात न्यायचे. मण्यार चावल्याची खूण अनेकदा दिसतही नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखते म्हणून उठतो, थोड्या वेळाने पापण्या जड होतात, आणि घरचे पित्ताची गोळी देऊन बसतात. हे शेवटचे वाक्य प्रथमोपचाराच्या प्रत्येक मराठी पुस्तकात ठळक अक्षरांत हवे. जुन्या पुस्तकांत ते सहसा नसते.

रुग्णालयातल्या कामाबाबतही हाच घोळ आहे. एएसव्ही देण्याआधी त्वचेवर चाचणी घ्या, असे जुन्या नर्सिंगच्या पुस्तकांत आहे. ती चाचणी आता सांगितली जात नाही. अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया येणार की नाही हे तिच्यावरून कळत नाही, वेळ मात्र जातो. प्रतिक्रिया कुणालाही येऊ शकते असे धरून अ‍ॅड्रेनालिन हाताशी तयार ठेवायचे असते. सुरुवातीचा डोस ८ ते १० कुप्यांचा, आणि लहान मुलालाही तेवढाच, कारण समोर मूल आहे म्हणून साप विष कमी सोडत नाही. जिथे मुलाच्या वजनाप्रमाणे एएसव्ही मोजायला सांगितले असेल ते पान सरळ बाद समजा. रक्त गोठते की नाही हे पाहायची २० मिनिटांची चाचणी कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत करायची, नळी अजिबात हलवायची नाही. प्लास्टिकच्या नळीत घेतले किंवा नळी साबणाने धुतलेली असेल तर रक्त चांगले असूनही गोठत नाही, आणि गरज नसताना लस दिली जाते. रात्रपाळीला एकट्या असलेल्या परिचारिकेने (एएनएमने) तुमच्या ग्रुपवरची फाइल उघडून ती पाळली, तर नेमके काय काय चुकेल याचा हिशेब तुम्हीच करा.

बाकीची उदाहरणे भराभर सांगतो. क्षयरोगाची औषधे आठवड्यातून तीन वेळा द्यायची पद्धत सरकारी कार्यक्रमातून गेली; २०१७ पासून देशभर रोज आणि वजनगटाप्रमाणे गोळ्या देणे सुरू झाले. 'आरएनटीसीपी' हे नाव असलेले पुस्तक म्हणजे २०२० च्या आधीचे, कारण त्या वर्षी कार्यक्रमाचे नावच बदलले. हृदय बंद पडलेल्या मोठ्या माणसाला १५ दाब आणि २ श्वास, हे २००५ च्या आधीचे प्रमाण. आता ३० आणि २, मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोराने. 'आधी श्वास, मग छाती' हा क्रमही २०१० मध्ये उलटला. लसीकरणाच्या तक्त्यात गरोदर स्त्रीसाठी टीटी (फक्त धनुर्वाताची लस) लिहिलेले असेल तर तो तक्ता टीडी (धनुर्वात आणि घटसर्प) लस येण्याच्या आधीचा. इंजेक्शनच्या पोलिओ लसीचा नऊ महिन्यांना दिला जाणारा तिसरा डोस जानेवारी २०२३ पासून आहे. तो ज्या तक्त्यात नाही तो अंगणवाडीच्या भिंतीवरही नको आणि तुमच्या ग्रुपच्या पिन केलेल्या मेसेजमध्येही नको. ओआरएसच्या जुन्या सूत्रात लिटरला ३.५ ग्रॅम मीठ आणि २० ग्रॅम ग्लुकोज होते. आताच्या सूत्रात २.६ आणि १३.५. डी. फार्म.च्या पोरांना तर तुम्ही परीक्षेपुरतेही बुडवता. फार्मसी कौन्सिलने ईआर-२०२० हा नवा अभ्यासक्रम आणला, त्यात सोशल फार्मसी हा विषय पहिल्या वर्षाला आला, आणि तुमच्या 'डी. फार्म. फुल सेट'मध्ये अजून ईआर-९१ या जुन्या अभ्यासक्रमाचे 'ड्रग स्टोअर अँड बिझनेस मॅनेजमेंट' पहिल्या क्रमांकावर असते.

आता फाइलच्या अवस्थेविषयी. पुस्तक जुने नसले तरी तुमची प्रत धोक्याची असू शकते, ती अशी.

पुस्तक मोबाइलने स्कॅन होते. कणा न कापता, पान हाताने दाबून. त्यामुळे आतल्या समासाजवळची अक्षरे वाकतात किंवा सावलीत जातात, आणि औषधांच्या तक्त्याचा एक रकाना नेमका तिथेच असतो. मग फाइल २०० एमबीची झाली म्हणून ती एखाद्या 'कॉम्प्रेस' अ‍ॅपमधून १० एमबीवर आणली जाते. यात पहिला बळी दशांश चिन्हाचा. तीव्र अ‍ॅलर्जीत मोठ्या माणसाच्या मांडीच्या स्नायूत द्यायचे १:१००० अ‍ॅड्रेनालिन ०.५ मिली असते. टिंब पुसले आणि शून्य धूसर झाले की ते ५ मिली वाचले जाते. दहापट. देवनागरीतले १ आणि ९ धूसर छपाईत एकमेकांसारखे दिसतात, मिग्रॅ आणि मायक्रोग्रॅम यांतला फरक एका पुसट अक्षरावर उभा असतो. याहून वाईट प्रकारही आहे. जेबिग-२ नावाच्या कॉम्प्रेशन पद्धतीत, ती तपशील गाळणाऱ्या रीतीने वापरली तर, सारखी दिसणारी चिन्हे एकच समजून एकाच्या जागी दुसरे बसवले जाते. २०१३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या काही ऑफिस-स्कॅनरवर नेमके हेच उघडकीस आले : स्कॅनमध्ये ६ च्या जागी ८ येत होते, आणि आकडा धूसर नव्हे, अगदी स्वच्छ दिसत होता. धूसर आकड्याची निदान शंका येते. स्वच्छ चुकीच्या आकड्याची येत नाही.

त्यावर तुमचा शिक्का. प्रत्येक पानावर तिरका, 'आमच्या चॅनेलला जॉइन व्हा', राखाडी रंगात, बरोबर तक्त्याच्या मधोमध. दुसऱ्याच्या पुस्तकावर स्वतःचे नाव उमटवण्याची एवढी हौस का, हे विचारत नाही. निदान तक्त्यावर तरी नको.

आणि ज्या पानांवर सगळ्यात जास्त भिस्त ठेवायला हवी तीच तुम्ही कापता. शीर्षकाचे पान आणि त्यामागचे आवृत्ती, मुद्रण, प्रकाशक यांचे पान. कारण उघड आहे, प्रकाशकाला शोधता येऊ नये. पण वाचणाऱ्यालाही मग कळत नाही की हे पुस्तक १९९४ चे आहे की २०२२ चे.

'आमचा ग्रुप फुकट आहे, आम्ही एक पैसा घेत नाही', असे तुमच्यापैकी बहुतेक जण म्हणतील, आणि अनेकांच्या बाबतीत ते खरेही असेल. पण सगळे तसे नाहीत. फाइल थेट न देता छोटी केलेली लिंक द्यायची, ती दाबली की दोन-तीन जाहिरातींची पाने, प्रत्येकावर सेकंद मोजणारे घड्याळ, मग 'कंटिन्यू'चे पाच बटण, त्यातले एक खरे. दर क्लिकमागे पैसे मिळतात ते लिंक छोटी करणाऱ्या संकेतस्थळाकडून. विद्यार्थ्याचे पैसे जात नाहीत, हे खरे. त्याचा फोन जातो. त्या पानांवरच 'पीडीएफ उघडण्यासाठी हे अ‍ॅप घ्या' म्हणून एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) येते. फाइलच्या नावात पीडीएफ असते आणि शेवटी डॉट एपीके. मोबाइलवर नाव लांब असले की शेवट दिसत नाही. ती 'अज्ञात स्रोतावरून इन्स्टॉल' करायला परवानगी मागते, मग एसएमएस वाचायची परवानगी मागते, आणि बँकेचे ओटीपी परस्पर दुसरीकडे जाऊ लागतात. खूण एकच लक्षात ठेवायला सांगा : पीडीएफ उघडते, इन्स्टॉल होत नाही. इन्स्टॉलचा प्रश्न आला की तिथेच थांबायचे. झालेच, तर फोनचा डेटा बंद करायचा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते गोठवायचे आणि १९३० वर तक्रार करायची. पहिला तास-दोन तास सगळ्यात महत्त्वाचे.

कायद्याचे थोडक्यात. कॉपीराइट कायदा १९५७ चा. कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी केलेले नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. तुमच्या ग्रुपांत दोन निकालांचा आधार वारंवार घेतला जातो, दोन्ही अर्धे वाचलेले. पहिला २०१६ चा दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानाचा. त्यात शिक्षणाच्या ओघात, अभ्यासक्रमातल्या निवडक भागांचे संच विद्यार्थ्यांना देण्याचा प्रश्न होता. संपूर्ण पुस्तक अनोळखी ५० हजार लोकांना देणे ही गोष्ट त्यात बसवायला फारच ताणावे लागेल. दुसरा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा, २०२१ चा : सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला व्हॉट्सअ‍ॅपचा अ‍ॅडमिन केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून जबाबदार नाही. बरोबर. पण टेलिग्राम चॅनेलवर सदस्य काही टाकूच शकत नाही, फक्त अ‍ॅडमिन टाकतो. म्हणजे तिथे 'कुणीतरी टाकले' म्हणायला ते 'कुणीतरी' तुम्हीच. आणि 'टेलिग्रामवर नंबर दिसत नाही' या भरवशावर असाल, तर ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने क्लासच्या नोट्स वाटणाऱ्या चॅनेलांच्या चालकांची माहिती, फोन नंबर आणि आयपी पत्त्यांसह, उघड करायचा आदेश टेलिग्रामला दिला होता, आणि टेलिग्रामने माहिती दिलीही.

प्रत्यक्षात मराठी प्रकाशक कोर्टात जातोच असे नाही. वकिलाची फी एका आवृत्तीच्या नफ्याहून मोठी असते. ३०० रुपयांचे पुस्तक, १००० प्रती, लेखकाला १० टक्के धरा. सगळ्या प्रती खपल्या तर लेखकाचे ३० हजार रुपये, तेही एका वर्षात मिळतील असे नाही. विक्रेत्याची सूट, कागद, छपाई, गोदाम वजा जाता प्रकाशकाकडे उरते त्यातून पुढची आवृत्ती. आरोग्याच्या पुस्तकाची आवृत्ती काढायची म्हणजे नुसते पुन्हा छापणे नव्हे. कुणी डॉक्टरने ओळ न् ओळ वाचायची, तक्ते बदलायचे, चित्रे नव्याने काढायची. जुन्या प्रती पडून असतील तर हे काम पुढे ढकलले जाते. तुमच्या ग्रुपवर १० हजार जणांकडे फाइल आहे आणि गोदामात ६०० प्रती आहेत, अशा पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघत नाही. म्हणजे जुनी माहिती जिवंत ठेवण्याचे काम तुमची फाइल दोन्ही बाजूंनी करते.

मात्र प्रकाशकांना सूट द्यायची आमची इच्छा नाही. 'नवी आवृत्ती' म्हणून मुखपृष्ठ बदलून तोच मजकूर छापणारे आहेत. नर्सिंगच्या मराठी पुस्तकांचे ई-बुक काढायचे म्हटले की 'पायरसी होईल' म्हणतात, जणू आता होत नाही. जिल्ह्याच्या गावाबाहेर ही पुस्तके ठेवणारे दुकान नाही, ऑनलाइन मागवली तर टपालखर्च किमतीच्या चौथाई. चुकांची दुरुस्ती संकेतस्थळावर एका पानात फुकट टाकता येते, तीही कुणी टाकत नाही. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या आश्रमशाळेतून शिकून जीएनएमला (नर्सिंगच्या पदविकेला) आलेल्या मुलीने पीडीएफ उघडली म्हणून तिला चोर म्हणायला आमची जीभ धजावत नाही. तिला चुकीची पीडीएफ देणाऱ्याबद्दल मात्र बोलावे लागते.

एक गोष्ट कान धरून सांगावी अशी आहे. 'मधुमेह कायमचा बरा', 'किडनीस्टोन सात दिवसांत', 'गोळ्या बंद करा' अशा पीडीएफ तुमच्याकडे पुस्तक म्हणून येतात आणि शेवटच्या पानावर कुणाचा तरी नंबर असतो. ते पुस्तक नाही, जाहिरात आहे. मधुमेह, कर्करोग यांसारख्या ठरावीक आजारांवर उपचाराचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंद आहे, आणि ती पसरवणाऱ्यालाही तो कायदा लागू होतो. इन्सुलिनवर असलेल्या माणसाने असे वाचून इन्सुलिन थांबवले तर काही दिवसांतच रक्तात आम्ल वाढून तो अतिदक्षता विभागात पोहोचू शकतो. अशी फाइल टाकणाऱ्याला इशारा न देता काढून टाका.

आता करायचे काय ते बघू. चॅनेल बंद करा असे आम्ही म्हणत नाही. इतक्या लोकांपर्यंत पोहोचणारी जागा सरकारी यंत्रणेलाही सहज मिळत नाही.

टेलिग्रामवर चॅनेलच्या नावावर दाबले की 'फाइल्स' असा वेगळा भाग दिसतो, त्यात सगळ्या पीडीएफ एका यादीत येतात. तिथून सुरुवात करा आणि पहिल्या फेरीत फक्त तीन शब्द शोधा : प्रथमोपचार, लसीकरण, औषधांचे डोस. या तीन विषयांतली ज्या फाइलचे प्रकाशनवर्ष कळत नाही ती ताबडतोब काढायची. चर्चा नको, मतदान नको. काढताना ती सर्वांसाठी डिलीट झाली ना हे पाहा, आणि त्या जागी एक मेसेज टाका : अमुक पुस्तकातले सर्पदंशाचे आणि क्षयरोगाचे प्रकरण कालबाह्य आहे, ज्यांनी डाउनलोड केले असेल त्यांनी वापरू नये. हा मेसेज काढण्याइतकाच महत्त्वाचा, कारण फाइल लोकांच्या फोनमध्ये आधीच उतरलेली असते. तोच मेसेज तुमच्या बॅकअप चॅनेलवरही. बॅकअप चॅनेल आहे हे आम्हाला माहीत आहे.

दुसरी फेरी हक्कांची. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे मोजायची. १९५० मध्ये वारलेल्या लेखकाचे लेखन १ जानेवारी २०११ पासून मोकळे झाले. सरकारी प्रकाशनाला प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे. इथे आयुर्वेदाच्या ग्रुपांचा नेहमी गोंधळ होतो : चरकसंहितेचा मूळ संस्कृत पाठ कुणाच्या मालकीचा नाही, पण तिचे अलीकडचे मराठी भाषांतर आणि टीका भाषांतरकाराची आहे. आणि हक्क मोकळे झालेले म्हणजे मजकूर बरोबर, असेही नाही. शंभर वर्षांपूर्वीचे पाऱ्याचे आणि सोमलाचे (आर्सेनिकचे) पाठ आज कुणी घरी करू नयेत. इतिहास म्हणून ठेवा, तसे वर लिहा.

मोकळेपणाने वाटता येईल असे साहित्य तुम्हाला वाटते त्याहून बरेच आहे. आशा कार्यकर्त्यांची प्रशिक्षण मॉड्युले राष्ट्रीय आरोग्य अभियानाने पीडीएफ स्वरूपात खुली ठेवली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ च्या शेवटापासूनची प्रकाशने साधारणपणे अशा परवान्याखाली येतात की श्रेय देऊन, नफा न कमावता, ती वाटता येतात आणि भाषांतरही करता येते. फक्त हे भाषांतर संघटनेने केलेले नाही अशी सूचना टाकावी लागते. दक्षिण-पूर्व आशियासाठीची त्यांची सर्पदंशाची मार्गदर्शिका २०१६ ची आहे आणि फुकट आहे. तिच्यावरची हक्कांची सूचना आधी वाचा; भाषांतर करता येत असेल तर तिच्यातली प्रथमोपचाराची पाने मराठीत आणायला तुमच्याच ग्रुपमधले दोन एमबीबीएस आणि एक मराठीचा शिक्षक पुरेत. राज्य मराठी विश्वकोशही ऑनलाइन फुकट आहे, पण त्यातल्या वैद्यकाच्या काही नोंदी जुन्या खंडांतल्या आहेत, तेव्हा शरीररचना खुशाल वाचा, उपचार वाचताना खंडाचे वर्ष पाहा.

प्रत्येक फाइलखाली चार गोष्टी लिहायची सवय लावा : नाव, आवृत्ती आणि वर्ष, कुठून घेतली, कशासाठी वापरू नये. 'आवृत्ती तिसरी २००१, पुनर्मुद्रण २०१९' असे असेल तर वर्ष २००१ धरायचे. पुनर्मुद्रणात मजकूर बदललेला नसतो. डोसच्या तक्त्याचे सुटे स्क्रीनशॉट बंदच करा. स्क्रीनशॉट फॉरवर्ड होताना खालची ओळ, पानाचे वर्ष आणि 'मुलांसाठी नाही' ही तळटीप कापली जाते. डोस बघायचा तर औषधाच्या पाकिटातल्या माहितीपत्रकावरून किंवा वॉर्डमधल्या चालू प्रोटोकॉलवरून.

'अमुक पुस्तक आहे का' या विनंत्यांचे काय करायचे? त्या पुसू नका, मोजा. महिनाभर एका साध्या फॉर्ममध्ये पुस्तक, अभ्यासक्रम आणि जिल्हा एवढेच भरून घ्या, फोन नंबर नको. मग प्रकाशकाला ईमेल करा : आपल्या या पुस्तकाला आमच्याकडे इतकी मागणी आहे, नांदेडमधून इतकी, धुळ्यातून इतकी, ई-बुक आहे का, नसल्यास २५ किंवा ५० प्रतींच्या एकत्रित मागणीवर किती सूट द्याल, आणि प्रती कॉलेजच्या पत्त्यावर एका गठ्ठ्यात पाठवाल का. गठ्ठ्याने पाठवले की टपालखर्च प्रतीमागे बराच उतरतो. याच यादीची दुसरी प्रत गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाला द्या. अनुदानित ग्रंथालयांना दर वर्षी पुस्तके घ्यावीच लागतात, आणि वाचकांची लेखी मागणी असेल तर ग्रंथपालालाही समितीपुढे बोलायला आधार मिळतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तकपेढी योजना आहे; ती कुठल्या अभ्यासक्रमांना लागू आहे हे कॉलेजच्या कार्यालयात आणि समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या आणि ग्रुपवर टाका. मागच्या वर्षीच्या मुलांची पुस्तके पुढच्यांना मिळवून देणे हे तर आजपासून करता येईल, फक्त अभ्यासक्रम तोच आहे ना हे बघून.

अंध विद्यार्थ्यांच्या नावाने स्कॅनचे समर्थन करणाऱ्यांना एवढेच : कायद्याने त्यांच्यासाठी सुलभ प्रत करायला खरोखरच सूट आहे, २०१२ पासून. पण तुमचे स्कॅन म्हणजे चित्र. वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर त्यातले एक अक्षरही बोलत नाही. जुन्या डीटीपी फॉन्टमधली पीडीएफ असेल तर बोलते ते अगम्य. त्यांना युनिकोड मजकूर लागतो, शीर्षके खुणा केलेली लागतात, तक्ते ओळीओळीने वाचता येतील असे लागतात. सुगम्य पुस्तकालय या अंध वाचकांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात नोंदणी करून द्या, हव्या असलेल्या पुस्तकाची मागणी तिथे टाका. कुणी मजकूर तपासायला तयार असेल तर त्या विद्यार्थ्यापुरती प्रत करून त्यालाच पाठवा, चॅनेलवर नको.

प्रकाशकाचे उत्तर आले नाही तर पंधरा दिवसांनी दुसरे ईमेल, मग लेखकाला पत्र. उत्तर नाही म्हणजे परवानगी आहे, असे समजू नका. परवानगी आली तर ती ईमेलच चॅनेलवर पिन करा, कोणत्या आवृत्तीसाठी आणि किती दिवसांसाठी आहे हे त्यात दिसेल असे. लसीकरणाचा तक्ता मात्र कुणाच्या परवानगीसाठी थांबवायचा नाही. तो आज बदला.

आपले,
परिचर्या, औषधनिर्माण आणि ग्रंथालय क्षेत्रांत काम करणारे काही जण